अध्यक्षमहाशयांस, स. न. वि. वि.

लोकमान्य टिळकांच्या लेखणीची गोष्ट निघाली की आपण ‘केसरी’चे अग्रलेख काढतो, फार तर मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं ‘गीतारहस्य’. त्यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना धाडलेलं एक पत्र आहे, ते सहसा कुणी काढत नाही. पत्र इंग्रजीत आहे. तारीख 2 जानेवारी 1919. दोन महिन्यांनी, 11 मार्चला, त्याच विषयावर त्यांनी फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना दुसरं पत्र लिहिलं. पुढे वीस वर्षांनी सावरकरांनी रूझवेल्ट यांना तारा केल्या, एक 1939 मध्ये आणि एक 1941 मध्ये. हा सगळा मजकूर एका छोट्या पुस्तिकेत सहज मावेल. पण मराठी मुलखातल्या उजव्या, परंपरावादी म्हणवल्या गेलेल्या राजकारणानं अमेरिकेच्या अध्यक्षाकडे कोणत्या नजरेनं पाहिलं, हे या मजकुरात जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं आजच्या दहा चर्चासत्रांत दिसत नाही.

‘परंपरावादी’ हा शिक्का दोघांवरही नीट बसत नाही, हे आधी सांगून टाकतो. टिळकांनी 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला आणि आगरकरांच्या ‘सुधारका’शी उभा दावा मांडला, त्या अर्थी ते सनातन्यांचे वकील ठरले. सावरकर तर रत्नागिरीत सहभोजनं घालत होते आणि गाईला उपयुक्त पशू म्हणत होते. सनातन्यांना ते पचत नव्हते. तरी राजकारणाच्या वाटणीत दोघांची नावं आपण एकाच बाजूला लिहितो. सोय म्हणून मीही तसंच लिहिणार आहे.

पत्र कोणत्या दिवसांत लिहिलं गेलं ते पाहिल्याशिवाय त्याची गंमत कळत नाही. टिळक ऑक्टोबर 1918 पासून लंडनमध्ये होते. आले होते ते एका खटल्यासाठी. त्याबद्दल पुढे बोलूच. नोव्हेंबरात महायुद्ध संपलं आणि डिसेंबरात वुड्रो विल्सन युरोपात उतरले. पदावर असताना युरोपला आलेले ते पहिलेच अमेरिकी अध्यक्ष. त्यांना पाहायला रस्त्यारस्त्यांवर माणसं लोटत होती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते लंडनमध्ये राजवाड्याचे पाहुणे होते. त्याच शहरात भाड्याच्या घरात आमचा बासष्ट वर्षांचा, मधुमेहानं खंगलेला म्हातारा वकिलांच्या कागदांत बुडालेला होता. त्याच डिसेंबरात दिल्लीच्या काँग्रेसनं शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावं सुचवली होती. पण सरकार टिळकांना पॅरिसला जायचा परवाना देईना. दाराशी जाता येत नाही म्हटल्यावर माणूस चिठ्ठी पाठवतो. टिळकांनी तेच केलं. सोबत हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची मागणी मांडणारी छापील पुस्तिका जोडली.

आता पत्राकडे. सुरुवातीलाच टिळक विल्सन यांना फार उंचावर बसवतात. जगाची शांतता आणि न्याय यांची आशा तुमच्यावर खिळलेली आहे, कारण स्वयंनिर्णयाच्या थोर तत्त्वाचे जनक तुम्ही, असा त्या वाक्याचा आशय. ‘केसरी’तले टिळक ज्याला ठाऊक आहेत तो इथे चमकतो. व्हाइसरॉयला खडे बोल सुनावणारा माणूस इतकी गोड भाषा कुठून शिकला? खुशामत आहे का ही?

मला ती खुशामत वाटत नाही. आमच्या खामगावच्या कापूसपेठेत एकेकाळी हुंडी चालायची. हुंडी घेऊन आलेला माणूस पेढीवर रागावत नाही, गयावया करत नाही. तो नमस्कार करतो, कागद पुढे सरकवतो आणि विचारतो, ही सही आपलीच ना? टिळकांचं पत्र म्हणजे अशी सादर केलेली हुंडी आहे. विल्सननी 8 जानेवारी 1918 ला आपली चौदा कलमं जगापुढे ठेवली आणि फेब्रुवारीत स्वयंनिर्णयाचा उच्चार केला. वर्ष झालं नाही तोच टिळक त्यांना त्या तत्त्वाचा जनक म्हणून मोकळे झाले. खरं तर हे तत्त्व विल्सनच्या आधी लेनिननं आणि युरोपातल्या समाजवाद्यांनी वाजवलं होतं, आणि चौदा कलमांत वसाहतींबद्दल जे आहे ते बरंच सावध आहे. टिळकांना याचा पत्ता नसेल असं कोण म्हणेल? तरी पितृत्व त्यांनी विल्सनच्याच गळ्यात घातलं. बापाला मूल नाकारणं कठीण जातं. पहिल्याच वाक्यात परतीची वाट बुजवायची, ही मुरलेल्या वकिलाची रीत.

दुसरी गोष्ट लक्षात येते ती पत्रात जे नाही त्यामुळे. वेद नाहीत, गीता नाही, सोन्याचा धूर निघणारा भूतकाळ नाही, मंडालेतली सहा वर्षं नाहीत. गणेशोत्सव आणि शिवजयंती रस्त्यावर आणणाऱ्या माणसानं आपला सगळा सांस्कृतिक दारूगोळा घरी ठेवला. परक्या माणसाशी बोलताना आपलं मोठेपण सांगण्यात वेळ घालवायचा नाही, त्याच्याच तोंडचा शब्द धरायचा. आज परदेशी पाहुण्याला आपण विमानांची कल्पना पुराणांत होती हे सांगायला जातो, तेव्हा मला हे पत्र आठवतं.

क्लेमांसो यांना लिहिलेलं पत्र मात्र मला विल्सनच्या पत्राहून सरस वाटतं. त्यातला एक परिच्छेद तर पुन्हा पुन्हा वाचावा असा. आधी टिळक तीन नकार मांडतात. हिंदुस्थान स्वतःपुरता समर्थ आहे, त्याचा दुसऱ्या कुणाच्या मुलखावर डोळा नाही, देशाबाहेर त्याला कसली महत्त्वाकांक्षा नाही. युद्धात पोळून निघालेल्या फ्रेंच म्हाताऱ्याला आधी हेच ऐकायचं असतं, की हा नवा गडी धोक्याचा नाही. मग सूर पालटतो. आता तीन होकार: अफाट भूमी, अफाट साधनसंपत्ती, अफाट लोकसंख्या. यांच्या बळावर हा देश आशियातली आघाडीची सत्ता व्हायची आकांक्षा धरू शकतो. हे वाक्य 1919 चं आहे. ज्या देशाला स्वतःचा पोलीसपाटील नेमायचा अधिकार नाही त्या देशाबद्दल ते लिहिलंय. आणि लिहिणाऱ्याचा आवाज जराही चढलेला नाही. एखाद्या जमीनजुमल्याची मोजदाद सांगावी तसा आहे.

खरी चाल त्याच्या पुढे आहे. असा हा देश पूर्वेकडे राष्ट्रसंघाचा बळकट कारभारी होऊ शकेल, जगाची शांतता राखायला आणि ब्रिटिश साम्राज्याचं स्थैर्य राखायला उपयोगी पडेल, असं टिळक म्हणतात. साम्राज्याचं स्थैर्य! राजद्रोहासाठी 1897 मध्ये दीड वर्षाची आणि 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झालेला माणूस हे लिहितो. टिळकभक्तांना इथे ठेच लागते आणि ते पुढचं पान उलटतात. टिळकांचे टीकाकार याच जागी बोट ठेवतात. मला दोघांचीही घाई पटत नाही. टिळक त्या वेळी साम्राज्याच्या आतलं स्वराज्य मागत होते, होमरूल मागत होते. तेव्हा ही ओळ खोटी नाही. पण ती कुठे बसवली आहे ते पाहा. आधी आशियातली आघाडीची सत्ता, मग राष्ट्रसंघ, मग जगाची शांतता आणि सगळ्यांत शेवटी साम्राज्य. विनंतीअर्जाच्या रिवाजात हा क्रम उलटा असतो. टिळकांनी साम्राज्याला पंगतीत बसवलं खरं, पण शेवटच्या पाटावर.

विल्सन यांच्याकडून उत्तर आलं. 14 जानेवारीला त्यांच्या खासगी सचिवानं कळवलं की हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न योग्य वेळी योग्य अधिकाऱ्यांपुढे घेतला जाईल. तालुक्याच्या कचेरीत ज्यानं एकदा तरी अर्ज दिलाय त्याला या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आणि आता तो खटला. व्हॅलेंटाइन चिरोल हा लंडनच्या ‘टाइम्स’चा परराष्ट्र विभागाचा बडा पत्रकार. त्यानं हिंदुस्थानातल्या असंतोषावर ‘टाइम्स’मध्ये लेखमाला लिहिली आणि 1910 मध्ये ‘इंडियन अनरेस्ट’ या नावानं तिचं पुस्तक केलं. ज्या पदवीचा आपण शाळेच्या भाषणांत अभिमानानं उच्चार करतो, ती असंतोषाच्या जनकाची पदवी याच चिरोलनं आरोप म्हणून दिलेली आहे. पुस्तकात टिळकांचा धागा पुण्याचा प्लेग अधिकारी रँड आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनांपर्यंत नेला होता. टिळक त्या वेळी मंडालेत. सुटून आल्यावर त्यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. सुनावणी 29 जानेवारी 1919 ला सुरू झाली, म्हणजे विल्सनच्या सचिवाचं उत्तर येऊन पुरता पंधरवडा लोटला असेल-नसेल. चिरोलच्या बाजूनं एडवर्ड कार्सन उभे. न्यायमूर्ती डार्लिंग. कार्सननं टिळकांना पिंजऱ्यात उभं करून ‘केसरी’चे जुने अंक एकेक करून पुढे केले. 21 फेब्रुवारीला ज्युरीनं चिरोलच्या बाजूनं निकाल दिला. लाखो रुपये खर्ची पडले.

एकाच महिन्यात एकाच शहरात बसून टिळक दोन परक्यांकडे न्याय मागत होते. अमेरिकी अध्यक्षाकडे देशासाठी, आणि इंग्रज ज्युरीकडे स्वतःच्या नावासाठी, एका वर्तमानपत्रवाल्याच्या विरोधात. आज ज्याला प्रसारमाध्यमांचा पक्षपात म्हणतात त्याची ही मराठी माणसानं लढवलेली मोठी लढाई. टिळक ती हरले. पण या लढाईशेजारी ठेवून विल्सनचं पत्र वाचलं की कळतं, टिळकांना थेट पत्र का लिहावंसं वाटलं. हिंदुस्थानची बातमी अमेरिकेत पोचायची ती बहुतेक लंडनमार्गे, रॉयटरच्या तारांवरून. ती गाळली जाणारच. म्हणून न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय यांनी 1917 मध्ये होमरूल लीगची शाखा काढली, 1918 पासून ‘यंग इंडिया’ मासिक चालवलं. त्यांच्या मदतीला धारवाडकडचे डॉ. ना. सु. हर्डीकर होते, तेच पुढे हिंदुस्थानी सेवादलाचे संस्थापक झाले. वर्तमानपत्राची गाळणी चुकवून अमेरिकेच्या कानाशी जायचं, ही त्या काळची धडपड होती. टिळकांचं पत्र त्या धडपडीचा एक भाग आहे.

पण मग ‘केसरी’ निःपक्षपाती होता का? मुळीच नव्हता. संमतिवयाच्या वादात ‘केसरी’नं दुसऱ्या बाजूला न्याय दिला असं खुद्द टिळकांनीही म्हटलं नसतं. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर त्यानं जी झोड उठवली ती आज वाचताना मान खाली जाते. कार्सननं ‘केसरी’च्याच जुन्या अंकांचा दारूगोळा वापरला. फरक एवढाच, की ‘केसरी’नं निःपक्षपातीपणाचं सोंग कधी घेतलं नाही. ‘टाइम्स’नं ते घेतलं होतं. टिळकांचा राग मताबद्दल नव्हता, मत सांगताना पुराव्याशिवाय खुनाचा रंग लावण्याबद्दल होता. हा भेद मला मोलाचा वाटतो. आज माध्यमांवर तोंडसुख घेणारे दोन्ही बाजूंचे लोक तो भेद करत नाहीत. आपल्याला न आवडलेली बातमी म्हणजे पक्षपात, इथेच त्यांची व्याख्या संपते.

सावरकरांच्या तारेची जात निराळी. एप्रिल 1939 मध्ये रूझवेल्टनी हिटलर आणि मुसोलिनी यांना जाहीर आवाहन केलं. एकतीस देशांची नावं घेऊन विचारलं, यांच्यावर हल्ला करणार नाही असा शब्द देता का? सावरकर तेव्हा हिंदू महासभेचे अध्यक्ष. त्यांनी दादरहून रूझवेल्टना तार ठोकली. आशय असा, की हिटलरला लिहिण्यामागे तुमची लोकशाहीविषयीची कळकळ निखळ असेल, तर ब्रिटनलाही सांगा, हिंदुस्थानवरचा शस्त्रांचा ताबा उठवा; लहान देशांना जेवढा न्याय मिळतो तेवढा तरी आमच्यासारख्या मोठ्या राष्ट्राला मिळायला हवा.

टिळकांचं पत्र आणि ही तार शेजारी ठेवा. तीच हुंडी, तीच सही. पण नमस्कार गळून पडला आहे. टिळकांनी आधी आसन दिलं, मग कागद दाखवला. सावरकर उंबऱ्यावरूनच ‘जर... तर’ करतात. तारेला शब्दागणिक पैसे पडतात हे एक कारण, आणि मधल्या वीस वर्षांत विल्सनच्या शब्दाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं हे दुसरं. तारेतला शेवटचा टोला मात्र बेरकी आहे. मोठ्या राष्ट्राला लहानांएवढा ‘तरी’ न्याय द्या, या एका ‘तरी’त उपरोधही आहे आणि दुखावलेला अभिमानही.

ऑगस्ट 1941 मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली, तेव्हा सावरकरांनी पुन्हा तार केली. ही सनद हिंदुस्थानला लागू आहे का ते स्पष्ट सांगा, युद्ध संपल्यावर वर्षाच्या आत आम्हाला पूर्ण राजकीय स्वातंत्र्य मिळेल याची अमेरिका हमी देते का तेही सांगा. नाही तर मागच्या महायुद्धातल्या घोषणांसारखीच हीही एक चलाखी समजू. ‘मागच्या महायुद्धातल्या’ म्हणजे विल्सनच्या काळातल्या. टिळकांच्या पत्राला आलेलं ते योग्य वेळ आणि योग्य अधिकारी असलेलं उत्तर जणू सावरकरांच्या टेबलावर होतं. म्हणून त्यांनी मुदत मागितली: एक वर्ष. हुंडीवर तारीख नसेल तर ती कागदच राहते. सप्टेंबरात चर्चिलनी पार्लमेंटात सांगून टाकलं की सनदेतला तो भाग युरोपातल्या नाझींनी दाबलेल्या देशांसाठी आहे. म्हणजे उत्तर आलं, पण ज्यांना विचारलं त्यांच्याकडून नाही.

अमेरिकेच्या अध्यक्षाला लिहिणारे फक्त उजवेच होते असं नाही. 1 जुलै 1942 ला गांधीजींनी रूझवेल्टना लिहिलं, त्यात थोरो-इमर्सनचं ऋण मानलं आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या प्रश्नावरही बोट ठेवलं. हे बोट टिळकांच्या पत्रात नाही, आणि ती त्या पत्राची मोठी उणीव. विल्सननी 1913 पासून वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत गोऱ्या-काळ्यांची बसण्याची जागा वेगळी होऊ दिली होती. त्याची तक्रार घेऊन गेलेल्या मनरो ट्रॉटर या काळ्या संपादकाला नोव्हेंबर 1914 मध्ये त्यांनी आपल्या कचेरीतून बाहेरची वाट दाखवली. त्याच वर्षांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आपले भीमराव आंबेडकर शिकत होते. टिळकांनी पत्र लिहिल्यानंतर तीनेक महिन्यांनी, 11 एप्रिल 1919 ला, जपाननं राष्ट्रसंघाच्या करारात वंशसमानतेचं वाक्य घालायची सूचना मांडली. सतरापैकी अकरा मतं तिच्या बाजूनं पडली. अध्यक्षस्थानी विल्सन होते. एकमत नाही म्हणून त्यांनी सूचना बाजूला सारली.

म्हणून मला जोतीराव फुल्यांची आठवण या संदर्भात टाळता येत नाही. 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी जनतेला, गुलामांना मोकळं करण्यासाठी तिनं दाखवलेल्या निःस्वार्थाबद्दल. ग्रँट तेव्हा अध्यक्ष होते. त्यांचं नाव फुल्यांनी घेतलं नाही. सुधारकानं लोकांना लिहिलं, परंपरावाद्यांनी सत्तेला लिहिलं. दोन्ही वाटांनी अमेरिका गाठायचा प्रयत्न झाला. कुणाची वाट खरी, यावर भांडण करण्यात मला रस नाही; पण दोन्हींतली भाषा किती वेगळी होते ते पाहण्यासारखं आहे. कृतज्ञतेची भाषा मोठी आणि ऐसपैस असते. मागणीची भाषा काटकसरी असते.

हे सगळं मी उंद्रीत बसून वाचतो. उंद्री म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातलं, चिखली तालुक्यातलं, चिखली-खामगाव रस्त्यावरचं गाव. उदयनगर हेही त्याचं नाव. अमेरिकेचा अध्यक्ष या गावाला परका नाही. एप्रिल 1861 मध्ये अब्राहम लिंकननी दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची पेठ त्यातून फुगली. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा झाला तोही कापसासाठीच. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. मधे 1865 ला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि भाव कोसळला तेव्हा मुंबईचे सट्टेवाले बुडाले, त्यांची नावं इतिहासात आहेत. वऱ्हाडातल्या कुणब्यांची नाहीत.

आणि अलीकडचं सांगायचं तर 2025 चा ऑगस्ट. ट्रम्प यांनी हिंदुस्थानी मालावर आधी 25 टक्के आणि मग 27 तारखेपासून आणखी 25 टक्के आयात शुल्क लावलं. आपल्या सरकारनं कापड गिरण्यांना दिलासा म्हणून 19 ऑगस्टपासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. बाहेरचा कापूस स्वस्त आणि नेमका आपला कापूस घरात यायची वेळ. लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल जाहीर झालेला, व्यापारी त्याच्या खाली मागायला लागले. सीसीआयच्या, म्हणजे कापूस महामंडळाच्या, केंद्रावर द्यायचा तर आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी, मग गाडीतल्या कापसात ओलावा मोजणारं यंत्र खुपसणार. आकडा 12 टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. परतीच्या पावसात भिजलेला कापूस 12 च्या आत आणायचा म्हणजे अंगणात, ओट्यावर, जागा मिळेल तिथे पसरायचा आणि उन्हाची वाट बघायची.

त्या दिवसांत चहाच्या टपरीवर जे कानावर पडलं त्यात ट्रम्पचे चाहतेही होते आणि शिव्या घालणारेही. चाहत्यांचं म्हणणं, माणूस आपल्या देशापुरतं बघतो, आपल्यालाही असाच पाहिजे. दुसऱ्यांचं म्हणणं, तो डोक्यानं गेलेला आहे. टीव्ही कोणता बघता यावर मत ठरत होतं; एका वाहिनीवर ट्रम्प आपला दोस्त, दुसरीवर दगाबाज, आणि सहा महिन्यांत वाहिन्यांनी जागा बदलल्या तरी बघणाऱ्यांनी बदलल्या नाहीत. एका म्हाताऱ्यानं मात्र मुद्द्याचं विचारलं, “टॅरिफ त्यानं लावला तिकडं, अन् भाव आपलाच काहून पडला?” या प्रश्नाला टपरीवरच्या कुणाकडे उत्तर नव्हतं. वाहिन्यांवर तो प्रश्नच नव्हता.

टिळक आणि सावरकर यांच्या मजकुराचं मोल मला इथे कळतं. विल्सन आवडतात की नाही, रूझवेल्ट मित्र की शत्रू, याबद्दल त्यांनी एक ओळ खर्च केलेली नाही. तुम्ही अमुक म्हणालात. ते आम्हाला लागू आहे का. असेल तर कधी? एवढ्यावर सगळं उभं आहे. अध्यक्षाच्या स्वभावाची चर्चा करायची चैन त्यांना परवडणारी नव्हती. आज परंपरेचा अभिमान सांगणारे आमचे मित्र अमेरिकी अध्यक्षावर तासभर बोलतात, त्यातला पाऊण तास त्याच्या स्वभावावर जातो. त्यांना विरोध करणारेही काही वेगळं करत नाहीत. या पत्रांची पारायणं दोघांनीही करावीत असं मला मनापासून वाटतं. न. चिं. केळकरांचं तीन खंडांतलं टिळकचरित्र आणि धनंजय कीरांचं सावरकरचरित्र जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत अजून सापडतं.

गद्य म्हणून मला यांतलं क्लेमांसोचं पत्र पहिल्या नंबरचं वाटतं. राजकारण म्हणून 1941 ची तार, कारण तिनं मुदत मागितली. विल्सनचं पत्र तिसरं, पण त्याच्यावाचून बाकीची दोन्ही लिहिली गेली नसती.

28 जून 1919 ला व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या नावानं सह्या झाल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंग यांच्या. 19 नोव्हेंबरला अमेरिकेच्या सिनेटनं तो तह फेटाळला, तेव्हा टिळक परतीच्या बोटीवर होते. 27 तारखेला ते मुंबईला उतरले. टिळकांनी ज्या राष्ट्रसंघाचा पूर्वेकडला कारभारी व्हायची तयारी दाखवली होती, त्या राष्ट्रसंघाचा हिंदुस्थान गुलामीत असूनही अगदी सुरुवातीपासून सभासद होता. विल्सनची अमेरिका त्यात कधीच गेली नाही.